फोटो पुढून, मत मागून

छोट्या गिगमध्ये फोटो काढायला जी जागा उत्तम, तीच ऐकायला सगळ्यात वाईट असते. कॅफेच्या कोपऱ्यात वीतभर उंचीचं स्टेज, समोर पन्नास-साठ माणसं आणि गायकापासून चार हातांवर गुडघे टेकून बसलेली मी. तिथे ड्रम्स थेट कानावर येतात, गिटारचा अँप छातीवर येतो आणि गाण्याचे शब्द मात्र जवळजवळ ऐकूच येत नाहीत. गायकाचा आवाज ज्या स्पीकरमधून निघतो ते स्टेजच्या दोन टोकांना लोकांकडे तोंड करून उभे असतात, आणि मी त्यांच्या मधल्या पोकळीत असते. तिथे बसून ‘गिटार फार मोठी होती, आवाज दबला’ असं मत बनवलं, तर ते त्या बँडवर अन्याय करणारं असतं.

म्हणून सेटच्या मधोमध मी कॅमेरा खाली करून मागे जाते. साउंड इंजिनिअरच्या टेबलाजवळ उभी राहून एक-दोन गाणी नुसती ऐकते. तेवढ्यात समोर एखादा सुंदर क्षण घडून गेला तर गेला. ज्या बँडला मी नंतर माझं मत सांगणार आहे, त्यांचं गाणं लोकांच्या कानांनी ऐकणं मला फोटोपेक्षा महत्त्वाचं वाटतं. कारण हे स्वतः बँडला कधीच करता येत नाही. त्यांच्या कानावर येतं ते स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधलं, तेही अर्ध्या साउंडचेकवर लावलेलं. उघड्यावरच्या कार्यक्रमात तर रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करायचे असतात. उशीर झाला की पहिली कात्री लागते ती साउंडचेकलाच.

फोटोंचं म्हणाल तर अशा जागी खरी झुंज असते ती एलईडी दिव्यांशी. किरमिजी किंवा निळा झोत चेहऱ्यावर पडला की सेन्सरमधला एकच रंग काठोकाठ भरतो, गाल-कपाळाचे उतार पुसले जातात आणि चेहरा सपाट दिसतो. मी एक्स्पोजर चेहऱ्यावर घेते, तेही थोडं कमीच ठेवते, आणि असे बरेच फोटो शेवटी कृष्णधवल करते. 50 मिलिमीटरची लेन्स, अॅपर्चर 1.8, आयएसओ 3200 ते 6400, शटर सेकंदाचा दोनशेवा भाग. ड्रमरच्या काठ्या थिजवायच्या तर त्याहून वेगवान. शटर मेकॅनिकलच हवं, कारण इलेक्ट्रॉनिक शटरवर या दिव्यांच्या लुकलुकण्याचे पट्टे उमटतात. फ्लॅश मी वापरत नाही. अंधारात फ्रेटबोर्डवर बोटं शोधणाऱ्या मुलाच्या डोळ्यांवर झोत मारण्याचा मला काहीएक हक्क नाही.

माइक अर्धा चेहरा खातो. गायकाने तो ज्या हातात धरलाय त्याच्या विरुद्ध बाजूला उभं राहावं आणि ओळ संपण्याची वाट पाहावी. श्वास घ्यायला तो माइकपासून किंचित मागे होतो तेव्हा चेहरा पूर्ण मोकळा असतो. ती ओळ कुठे संपते हे आधीच ठाऊक असावं लागतं. म्हणून बँडची रेकॉर्डिंग्ज असतील तर मी आदल्या दिवशी ऐकून जाते. छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं तबलावादक झाकिर हुसेन यांच्यावरचं पुस्तक 1986 मध्ये आलं. त्यासाठी त्या झाकिरभाईंबरोबर हिवाळ्यामागून हिवाळे प्रवास करत होत्या, त्यांच्या मैफली पुन्हा पुन्हा ऐकत होत्या. संगीताच्या फोटोची अर्धी तयारी कानांची असते, हे त्या कामाकडे पाहून मला पटलं.

गिग संपली की घामाने निथळणारी मुलं केबल गुंडाळता गुंडाळता विचारतात, “ताई, खरं सांग, कसं झालं?” त्या घटकेला मी एकच गोष्ट सांगते: खरी, नेमकी आणि चांगली. तिसऱ्या गाण्यात बेस आणि किक ड्रम एकजीव झाले होते, अशी काहीतरी. बाकीचं दुसऱ्या दिवशी, फोटोंसोबत. तेव्हा त्यांचेही कान शांत झालेले असतात आणि माझेही.

ते ‘बाकीचं’ सांगणारं त्यांना फारसं कुणी नसतं. बैठकीत समोरचा रसिक मान हलवतो, ‘क्या बात है’ म्हणतो किंवा गप्प बसतो, आणि गवयाला तिथल्या तिथे कळतं. इथे आवाजाच्या भिंतीपलीकडून काही पोचत नाही. मित्र ‘भारी’ म्हणतात. आयोजक पुन्हा बोलावत नाही, आणि का बोलावत नाही हेही सांगत नाही. वर्षभर जीव तोडून तालीम करणाऱ्या पोरांना असं अंधारात ठेवणं मला क्रूर वाटतं.

मराठी गाणी करणारा पुण्यातला एक चौघांचा बँड आहे. वाजवतात छान, पण एका गिगला दुसऱ्या गाण्यानंतर लोक बाहेर जायला लागले. का, ते त्यांना उमगेना. फोटोंवर वेळ नोंदलेली असते. त्या गिगचे सगळे फोटो मी क्रमाने लावून त्यांना दाखवले. दुसरं गाणं संपलं तेव्हा पुढची रांग भरलेली. पुढच्या फोटोत गिटारिस्ट पेडलांवर वाकून ट्यूनिंग करतोय, ड्रमर पाणी पितोय, गायक त्याच्याकडे पाहत लोकांकडे पाठ करून उभा. त्यापुढच्या फोटोत पुढच्या रांगेतल्या दोन मुली मोबाइलमध्ये. त्यापुढे ती जागा रिकामी. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत चार मिनिटांचं अंतर. बेसिस्ट बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, “आपल्याला वाटलं अर्धा मिनिट असेल.” मला वेगळं काही बोलावं लागलं नाही. लोक गाण्यावर नाही, त्या पोकळीवर उठून गेले होते.

असले फोटो मी फक्त बँडला दाखवते, बाहेर कुठेही देत नाही. आणि माझी आवड-निवड मतात येऊ देत नाही. आरडाओरडीचं मेटल मला घरी ऐकवत नाही, पण मेटल बँडचे चौघे एका ठोक्यावर एकत्र थांबतात की नाही, हे मला सांगता येतं आणि तेवढंच मी सांगते. एकच सल्ला मी सगळ्यांना न विचारता देते: कानात इअरप्लग घाला. 85 डेसिबलला आठ तास ही सुरक्षिततेची शिफारस आहे. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. सिंबलच्या शेजारी बसणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलाने हे हसण्यावारी नेलं की माझा जीव तुटतो.

पुण्यातल्या त्या चौघांनी आता दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मध्ये बेसची एक छोटी धून बसवली आहे. ती चालू असताना गिटार निवांत ट्यून होते आणि गायक तेवढ्या वेळात लोकांशी बोलतो. पुढच्या गिगला माणसं जागची हलली नाहीत. त्यांच्या शेवटच्या गाण्याचं तिसरं कडवं मात्र नको इतकं लांबतं. मागे टेबलाजवळ उभी असताना ते मला स्पष्ट जाणवलं. या रविवारी फोटो द्यायला जाईन तेव्हा ते त्यांना सांगणार आहे.