जुने मोडून पायथनने काय मिळवले

पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीला ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली की साधारणपणे उत्तर यायचे १५. हिशेब चुकत नव्हता. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी युनिकोडची पाच चिन्हे या शब्दात आहेत. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. आणि पायथन २ ची साधी स्ट्रिंग म्हणजे निव्वळ बाइटांची ओळ होती. तिच्यातली पहिली दहा अक्षरे मागितली, तर हाती तीन चिन्हे आणि चौथ्याचा तुकडा येई. युनिकोड मजकुरासाठी वेगळी स्ट्रिंग होती, पण खरी गोम तिथेच होती. या दोन प्रकारांची बेरीज केली, की पायथन २ बाइटांना ॲस्की समजून मुकाट्याने रूपांतर करून टाकी. मजकूर इंग्रजी असेपर्यंत सगळे सुरळीत चाले. यादीत पहिले देवनागरी नाव आले की युनिकोड-डीकोड-एरर येऊन प्रोग्राम जागच्या जागी थांबे. चूक एकीकडे, स्फोट दुसरीकडे, आणि तोही बऱ्याचदा सगळ्या चाचण्या पार पडून प्रोग्राम लोकांच्या हाती गेल्यावर.

हा दोष कुणाच्या निष्काळजीपणाचा नव्हता. खिडो व्हान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेत १९८९च्या डिसेंबरात पायथनचे काम सुरू केले आणि १९९१च्या फेब्रुवारीत ती खुली केली. युनिकोडची पहिली आवृत्ती आली त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे ‘मजकूर म्हणजे बाइट’ ही समजूत भाषेच्या पायात होती आणि २०००च्या ऑक्टोबरात २.० आवृत्तीत युनिकोड आले ते वरून जोडलेले. ३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या ३.० आवृत्तीने तो पायाच बदलला. साधी स्ट्रिंग म्हणजे युनिकोड मजकूर, बाइट हा निराळा प्रकार, आणि दोन्ही एकत्र केले तर त्यांत काय लिहिले आहे हे न पाहता लगेच चूक दाखवायची. सोबत प्रिंटला कंस लागू लागले, एक भागिले दोन याचे उत्तर शून्याऐवजी अर्धा येऊ लागले; या बदलांवर आरडाओरडा बराच झाला, पण ते किरकोळ होते. जुने प्रोग्राम मोडण्याएवढे मोठे कारण एकच होते, मजकूर. आणि त्या एका कारणासाठी हा निर्णय योग्य होता असे माझे ठाम मत आहे, जरी संगणक क्षेत्रात पायथन ३ चे नाव आजही ‘भाषा कशी बदलू नये’ याचा दाखला म्हणून घेतले जात असले तरी.

टीकाकारांच्या पदरात जे टाकायला हवे ते आधी टाकतो. किंमत अवाढव्य होती. २०१० मध्ये आलेल्या २.७ आवृत्तीची देखभाल २०१५ मध्ये थांबायची होती. ती मुदत २०१४ मध्ये वाढवून २०२० करावी लागली. जुना कोड नव्यात बदलून देणारे ‘टू-टू-थ्री’ हे साधन प्रिंटला कंस लावू शके, पण अमुक स्ट्रिंग मजकूर आहे की चित्राच्या फाइलमधले बाइट, हे त्याला कळणे शक्यच नव्हते. ते ज्याने कोड लिहिला त्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदा त्यानेही त्याचा विचार केलेला नसे. बहुतेक लायब्ऱ्यांना दोन्ही आवृत्त्यांवर चालेल असा एकच कोड हवा होता. ‘सिक्स’ नावाची छोटी लायब्ररी त्यासाठीच होती. दोन गुणिले तीन म्हणून सहा. पण पायथन ३.० ने पायथन २ मध्ये युनिकोड स्ट्रिंगआधी लिहिले जाणारे ‘यू’ हे अक्षरच बेकायदा ठरवले. ज्यांनी आधीपासून नीट, काळजीने युनिकोड वापरले होते त्यांचाच कोड त्यामुळे मोडला. पेप ४१४ ने ते अक्षर २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत परत आणले. ही चार वर्षे वाया गेली, आणि ती टाळता येण्यासारखी होती. पायथनमधले मोठे बदल पेप या लेखी प्रस्तावांतून होतात, त्यात नाकारलेल्या पर्यायांची कारणेही लिहिलेली असतात. म्हणून हा सगळा माघारीचा प्रवास आज कुणालाही वाचता येतो. शेवटी कोंडी फोडली ती लायब्ऱ्या चालवणाऱ्यांनी. २०२० च्या आत पायथन २ ला निरोप देण्याची जाहीर प्रतिज्ञा नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब अशा प्रकल्पांनी केली. जँगो २.० ने २०१७ च्या डिसेंबरातच दार बंद केले, नमपायने २०१९ मध्ये.

पण ‘हे जुने न मोडता, हळूहळू करता आले असते’ हा आक्षेप मला पटत नाही. त्याची परीक्षा दुसऱ्या एका भाषेत होऊन गेली आहे. पीएचपीनेही युनिकोड गाभ्यात आणण्यासाठी सहावी आवृत्ती हाती घेतली होती; २०१० मध्ये तो प्रयत्न सोडून दिला गेला आणि २०१५ मध्ये थेट सातवी आवृत्ती आली. जुने प्रोग्राम वाचले, पीएचपी आजही जोरात चालते, आणि तिच्या ‘स्ट्रलेन’ला ‘मराठी’ची लांबी विचारली तर आजही १५ मिळतात. बरोबर उत्तरासाठी वेगळी फंक्शने आहेत, पण ती आठवणीने वापरण्याची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रामरवर, आणि ती विसरल्याचा भुर्दंड इंग्रजीबाहेरच्या वापरणाऱ्यावर. पायथनने हा भुर्दंड प्रोग्रामरांकडे वळवला आणि एकदाच वसूल केला. बारा वर्षांचा त्रास मोजताना, तो सोसला नसता तर इंग्रजीबाहेरच्या लोकांना जो त्रास कायम सोसावा लागला असता, तो ताळेबंदात धरलाच जात नाही, अशी माझी तक्रार आहे. आज पायथनमध्ये ‘एकूण_रक्कम’ हे व्हेरिएबलचे नाव चालते आणि फाइलच्या माथ्यावर कसलीही घोषणा न करता देवनागरी लिहिता येते, हे याच निर्णयाचे फळ.

आणखी एक आक्षेप आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: एवढे करूनही मराठीचे काम पुरे झालेले नाही. पायथन ३ ‘मराठी’ची लांबी पाच सांगते, वाचणाऱ्याला अक्षरे तीनच दिसतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या दोन वेगळ्या चिन्हक्रमांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलना केली तर वेगळे ठरतात, आणि प्रमाणीकरणाचे फंक्शनही त्यांना एक करत नाही. मतदार यादीसारख्या कामात हा फरक काय गोंधळ घालेल हे सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे पायथनसोबत येणारे ‘आरई’ हे शोधसाधन. शब्दातली चिन्हे शोधणारा त्याचा संकेत काना, मात्रा, वेलांटी यांना शब्दाचा भाग मानतच नाही. ‘शेतकरी’ शोधायला दिला तर ‘श’ आणि ‘तकर’ असे दोन तुकडे हाती येतात. बाहेरून बसवायची ‘रेजेक्स’ ही लायब्ररी हे बरोबर करते, पण नवशिक्याला ती आहे हे कुठून कळणार?

हा दोष २०११ पासून नोंदलेला आहे. युनिकोडच्या शोधविषयक मानकात मात्राचिन्हे शब्दातच धरली आहेत, त्यामुळे बरोबर काय यावर वाद नाही. अडचण तीच जुनी आहे: संकेताचा अर्थ बदलला तर आजच्या अर्थावर विसंबलेला कोड गुपचूप वेगळी उत्तरे देईल. तरीही माझ्या मते तो बदलावा, आणि आता त्याची रीतही पायथनच्या लोकांना ठाऊक झाली आहे. एका वेळी एकाच धाग्याला पुढे जाऊ देणारे कुलूप, म्हणजे ‘गिल’, काढण्याचा पेप ७०३ त्यांनी २०२३ मध्ये मान्य केला. पण २०२४ मध्ये ३.१३ आवृत्तीत तो आला तो वेगळी प्रत म्हणून, ज्याला हवी त्याने घ्यावी अशा बेताने, आणि नेहमीची प्रत तशीच ठेवून. शोधसाधनातही आधी वेगळा पर्याय द्यावा, काही आवृत्त्या इशारा द्यावा, मग मूळ अर्थ बदलावा. तसा पेप लिहायला रफार, अनुस्वार, जोडाक्षरे आणि ऱ्याचे दोन्ही क्रम धरून चाचण्या रचू शकणारा माणूस लागेल. मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली मजकुरावर रोज पायथन चालवणारे हजारो लोक आपल्याकडे आहेत, आणि पेप कुणीही लिहू शकते; लिहिणारा पायथनच्या मुख्य विकासकांपैकी नसेल, तर त्यांच्यातला एक पुरस्कर्ता तेवढा लागतो.