आठ बाजूंचं टेबल

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. गेले दोन महिने हातात पेन कमी आणि करवत जास्त होती. काही वाचकांनी "सर, तब्येत बरी आहे ना?" अशी चौकशी केली, त्यांचे आभार. तब्येत उत्तम आहे. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय तेवढंच, ते हातोडीमुळे.

झालं असं. माझा नातू (मुलीचा मुलगा) चाकणला एका कंपनीत लागला आणि जाण्यायेण्याच्या सोयीसाठी प्राधिकरणात आमच्याकडे राहायला आला. शनिवारी रात्री त्याचे चार-पाच मित्र येतात आणि पलंगावर चादर अंथरून पोकर खेळतात. एकदा पलंगाची फळी मोडली. दुसऱ्या दिवशी नातू एक चित्र घेऊन आला. म्हणाला, "आजोबा, असं टेबल घरी करता येईल?"

आता पोकर हा शब्द ऐकून माझ्या कपाळावर आठ्या येणारच. अख्ख्या नोकरीत मी मधल्या सुट्टीत मुतारीमागे तीन पत्ती खेळणाऱ्या पोरांचे किती कॅट जप्त केले असतील, मोजदाद नाही. त्यातले दोन कॅट अजून घरात आहेत आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांनीच मेंढीकोट खेळलो, ही गोष्ट आज पहिल्यांदा जाहीरपणे कबूल करतो.

नातवानं लगेच वकिली सुरू केली. 1968 साली सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, वगैरे. मी इतिहासाचा मास्तर, मलाही थोडं माहीत होतं. म्हटलं, त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलंय. आणि आपल्याकडचा जुगाराचा कायदा 1887 सालचा आहे, तो अजून मेलेला नाही. शेवटी तह झाला. चकत्या हव्या तेवढ्या, पैसा एक नाही. जिंकणाऱ्यानं रविवारी सकाळी सगळ्यांना पोहे करून घालायचे. (म्हणजे ही शिक्षा झाली की बक्षीस, यावर अजून वाद आहे.)

चित्रातलं टेबल अष्टकोनी होतं. वर हिरवं कापड, कडेनं हात टेकायला रुंद पट्टी. एकदा आमचे गणिताचे सर मध्येच सोडून गेले, तेव्हा दोन वर्षं भूमिती माझ्या गळ्यात पडली होती. ती आता कामाला आली. प्लायवूडची शीट आठ बाय चारची मिळते. ती मधोमध कापली की चार फुटी दोन चौरस. एक खालचा तळ, दुसऱ्यातून कडेची पट्टी. चौरसाचा अष्टकोन करायचा सोपा उपाय असा : कर्णाच्या निम्म्या लांबीचा दोरा घ्यायचा, प्रत्येक कोपऱ्यावर खिळा ठोकून त्या दोऱ्यानं दोन्ही बाजूंवर पेन्सिलीची खूण करायची. अठ्ठेचाळीस इंचाच्या चौरसाला तो दोरा जवळजवळ 34 इंच भरतो. आठ खुणा मिळाल्या की चार कोपरे उडवायचे. प्रत्येक बाजू वीस इंचाला किंचित कमी येते. नातू इंजिनिअर. तो मोबाइलवर साइन-कोसाइन करत होता, तोवर माझ्या खुणा करून झाल्या होत्या. हा आनंद काही औरच!

पायांसाठी लाकूड हवं होतं. परदेशातून मशिनरी येते ती पाइनवूडच्या खोक्यांत, आणि चाकणच्या कंपन्यांमुळे आपल्या भागात ती खोकी भंगारात भरपूर. पूर्वी आम्ही अशा मालासाठी चिखलीजवळ कुदळवाडीला जात असू. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं तिथली हजारो बांधकामं पाडली. त्यामुळे यावेळी तळवडे-चाकण रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे गेलो. फळ्यांवर गव्हाच्या लोंबीसारखा शिक्का, बाजूला 'डीई' म्हणजे जर्मनी, आणि 'एचटी'. एचटी म्हणजे लाकडातली कीड परदेशात जाऊ नये म्हणून ते गाभ्यापर्यंत 56 अंशांवर अर्धा तास तापवलेलं. लाकडाचाही पासपोर्ट असतो म्हणायचा. तो शिक्का मी रंध्यानं काढला नाही, पायाच्या आतल्या बाजूला ठेवलाय.

इथवर सगळं ठीक होतं. आता ज्यांच्यामुळे हे टेबल लांबलं, त्यांच्याविषयी.

आमचा गुरुवारचा मेंढीकोटचा अड्डा जुना आहे. माझे भिडू टेल्कोचे. कंपनीचं नाव 2003 साली टाटा मोटर्स झालं, पण आमच्यासाठी ती टेल्कोच आणि ते टेल्कोवाले. टूलरूममध्ये आयुष्य गेलं. मायक्रोमीटरवर एक रेघ म्हणजे शंभरावा भाग मिलिमीटर, आणि त्या रेघेवरून ते तरुणपणी भांडत असत. दिवाळीनंतर त्यांनी यायचं बंद केलं. गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा नव्हता. शेवटच्या गुरुवारी त्यांच्या हातातून पत्ते सांडले होते आणि बदामाची दश्शी उताणी पडली होती. मेंढीकोटमध्ये दश्शी म्हणजेच मेंढी, सगळा डाव तिच्यासाठी. समोरच्यांनी सभ्यपणे छताकडे बघितलं. मीही बघितलं, आणि तेच चुकलं असं आता वाटतं. काहीतरी बोलायला हवं होतं.

त्यांना कंपवात आहे. त्याचा चमत्कारिकपणा असा की हात स्वस्थ असला की थरथर जास्त, काही करायला घेतला की पुष्कळदा कमी. तेरा पत्ते पंख्यासारखे धरून आपली पाळी यायची वाट बघणं म्हणजे हाताला स्वस्थ बसवणंच.

कडेची पट्टी कापताना माझ्या डोक्यात आलं, हिच्यात एक खाच पाडली तर? पत्ते खाचेत उभे राहतील, हातात धरायलाच नकोत. मी मोठ्या हुशारीनं एका बाजूला खाच पाडली आणि टेल्कोवाल्यांना मुद्दाम टेबल बघायला बोलावलं. ते आले, टेबलाभोवती एक फेरी मारली, त्या खाचेवरून बोट फिरवलं. म्हणाले, "वाकडी आहे." आणि चहा न घेता गेले. आमच्या हिने मला विचारलं, "त्यांना न विचारता कशाला केलंत?" मला उत्तर देता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन.

"सर, ती पट्टी फेकून द्या. नवीन प्लाय आणा. आठही बाजूंना खाच पाडायची."

"आठही कशाला? खेळायला आपण चार..."

"एका बाजूला असली की ती माझी खुर्ची झाली. आठही बाजूंना असली की ते टेबलाचं डिझाइन झालं. आणि मोजून मोजून आठ वेळा कापू नका. जिग करा."

मग पुढचे पंधरा दिवस ते आमच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसले. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेला मी पहिल्यांदा शिकाऊ झालो. जिग म्हणजे काय, तर कटर वाकडा जाऊच शकणार नाही असा लाकडाचा साचा. तो एकदा नीट करायचा, मग त्यातून आठ काय ऐंशी खाचा एकसारख्या निघतात. जिग करायला चार दिवस लागले, आठ खाचा एका दुपारी झाल्या. खाच बारा इंच लांब. रुंदी किती? त्यांनी मला बावन्न पत्त्यांचा कॅट मोजायला लावला. सोळा मिलिमीटरच्या आसपास भरला. म्हणजे तेरा पत्ते चार. "पत्ता सुखानं सरकला पाहिजे. पाच करा." खाच सरळ उभी नाही, थोडी तिरपी, म्हणजे पत्त्याची वरची कड खेळणाऱ्यापासून जरा दूर झुकते आणि त्याला पत्ता नीट दिसतो. साच्याच्या कडेला पॉलिश पेपर कुठे जास्त लागलाय हे ते खुर्चीतून सांगत. मी चिडत असे. तपासलं की त्यांचंच बरोबर निघे.

आमची ही सावंतवाडीकडची. ती म्हणाली, "आमच्या दशावतारी गंजिफाला हे टेबल चालायचं नाही. एकशेवीस पत्ते, तिघांत वाटले की प्रत्येकी चाळीस, आणि पत्ते गोल." टेल्कोवाले गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, गोल पत्त्याला वेगळं जिग लागेल."

हिरव्या कापडाखाली पातळ फोम घातलाय. मला तो चैनीचा वाटला होता. तसं नाही. कडक लाकडावर सपाट पडलेला पत्ता नखानं खरवडून उचलावा लागतो. फोमवर कड जरा दाबली की ती बोटात येते. पेल्यांसाठी कोपऱ्यांवर पाऊण इंच खोल गोल खळगे आहेत. नातवाला काळं रेक्झिन हवं होतं, ते बहुमतानं नामंजूर झालं.

पहिल्या शनिवारी पोरं आली आणि कोणी काही न सांगता पत्ते त्या खाचांत टेकवून दोन्ही हातांनी भेळ खाऊ लागली. पोकरमध्ये हातात असतात मुळी दोनच पत्ते, तेही बहुतेक वेळ टेबलावर पालथे. टेल्कोवाल्यांनी अर्धा तास बघितलं आणि म्हणाले, "मला पण वाटा."

पोकरवाल्यांत असा एक समज आहे म्हणे, की पैज लावताना एखाद्याचा हात थरथरला तर त्याच्याकडे पानं जबरदस्त असतात. नातवानं हे त्यांना खेळ शिकवताना मोकळेपणानं सांगून टाकलं आणि मग स्वतःच जीभ चावली. टेल्कोवाले काही बोलले नाहीत. त्यांनी थरथरत्या हातानं आपल्या सगळ्या चकत्या मध्ये सरकवल्या. समोरच्या तिघांनी पानं टाकली. त्यांनी आपले पत्ते उलटले. इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री.

पोहे त्यांनी केले नाहीत, घरून सूनबाईंकडून करवून आणले. नियमात बसतं का, हे अजून ठरायचंय.

गुरुवारचा मेंढीकोटही पुन्हा सुरू झालाय. परवा आम्ही दोघं हरलो. तीन मेंढ्या समोर गेल्या, त्यातली तिसरी माझ्यामुळे. हुकूम किलवर आहे हे मी चक्क विसरलो होतो. जिन्यातून उतरतानाही ते मला बोलतच होते.