पहिला व्रण

माणसाच्या अंगावर पहिला व्रण उमटतो तो जन्माच्या दिवशी. नाळ कापली जाते, तिचा उरलेला तुकडा काही दिवसांत सुकून गळतो आणि मागे बेंबी राहते. पुढे आयुष्यभर तिला काही काम नसते. बेंबीच्या देठापासून आपण ओरडतो ते केवळ भाषेत. पुराणकारांनी विष्णूच्या नाभिकमळावर ब्रह्मदेवाला बसविले, तेवढाच काय तो तिचा मान. परंतु अलीकडे शल्यविशारदांनी या निरुद्योगी जागेला पुन्हा कामाला लावले आहे.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ही विद्या मला जवळून समजून घ्यावी लागली. आईचेही पित्ताशय 1989 साली काढले होते. तिच्या उजव्या बरगडीखाली वीतभर तिरपा व्रण आहे. जर्मनीत एरिक म्यूहे यांनी 1985 सालीच दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढले होते. त्यांच्या व्यवसायबंधूंनी प्रथम त्यांची उपेक्षा केली आणि 1992 साली गौरव केला! मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली ती 1990 साली. आईची वेळ एका वर्षाने हुकली म्हणावे, तर तिच्या गावापर्यंत ती विद्या पोहोचायला आणखी कितीतरी वर्षे लागली.

आता दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात आणि बहुधा चार लहान छिद्रांतून काम उरकतात. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे एकच छेद, तोही बेंबीत. इटलीतील ज्युसेप्पे नाव्हारा व त्यांचे सहकारी यांनी 1997 साली अशा एका जखमेतून पित्ताशय काढल्याचे प्रसिद्ध केले. सुमारे दोन-अडीच सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण आणि हत्यारे एकत्रच आत जातात. जखम भरली की बेंबीच्या घडीत लपते. पहिल्या व्रणाच्या पोटात दुसरा व्रण!

आईने हे ऐकले आणि तिचा निश्चय झाला. ती म्हणाली, “मी जन्मभर पदर सावरला. हिला तरी सावरावा लागू नये.”

आमच्या शल्यविशारद बाईंनी मात्र दोन्ही बाजू समोर ठेवल्या. चिंचोळ्या तोंडाच्या बरणीत दोन्ही हात घालून लोणचे काढावे, तशी येथे हत्यारांची अडचण होते. ती एकमेकांवर आदळतात, म्हणून काही वेळा वाकडी हत्यारे वापरावी लागतात. वेदनेत फारसा फरक नाही. बेंबीपाशी पोटाच्या भिंतीला पडणारे भोक मोठे, त्यामुळे पुढे तेथे हर्निया होण्याचा संभव थोडा अधिक. निश्चित लाभ एकच, व्रण दिसत नाही.

म्हणजे वीतभर छेदाची चार छिद्रे झाली तेव्हा रोग्याच्या यातना कमी झाल्या. चारांचे एक झाले तेव्हा मुख्यतः पाहणाऱ्याच्या डोळ्यांची सोय झाली. ही दोन्ही पावले मी एकाच मापाने मोजायला तयार नव्हतो. पण आईचे वाक्य आठवले की माझा युक्तिवाद लंगडा पडे. पाहणाऱ्याची नजरही बोचतेच, आणि तिने ती पस्तीस वर्षे सोसली होती.

अखेर निर्णय ज्याच्या शरीराचा त्यानेच घेतला. बहीण म्हणाली, “आई, तुझी खूण मी लहानपणापासून पाहत आले. मला तिची कधी किळस आली नाही. मग माझे चार ठिपके दिसले तर दिसोत. पोटाची भिंत बळकट राहू दे.”

आई काही बोलली नाही. चौथ्या दिवशी बहिणीला आंघोळीनंतर मदत करताना तिने ते ठिपके मोजले आणि म्हणाली, “एवढेच होय!” त्या उद्गारात समाधान किती आणि स्वतःविषयीची हळहळ किती, हे मला अजूनही सांगता येत नाही.