दोन ओळींमधलं चाक

चंडीमंदिर छावणी,
एप्रिल अखेर

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेले दोन्ही ट्रॅक्टरचे फोटो पाहिले. फोनवर आकडे सांगितले की तू नुसतं ‘हो हो’ करतोस, म्हणून कागदावर लिहितोय. रुंद टायरचाच घे, हा शेजाऱ्यांचा सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे. त्यांना उसाची ट्रॉली ओढायचीय. तुला सोयाबीन-कापसात कोळपणी करायचीय.

इथं विचारपूस करून फार हाती लागलं नाही. मोहाली जवळच, स्वराजचा पहिला ट्रॅक्टर १९७४ साली तिथूनच निघाला. पण हा मुलूख गव्हा-भाताचा. गव्हाच्या दोन ओळींत जेमतेम वीतभर जागा, त्यामुळं पेरल्यावर कोळपायला ट्रॅक्टर आत घालायचा प्रश्नच नाही. मग जो तो हॉर्सपॉवरचंच बोलतो.

लहान ट्रॅक्टरच्या टायरवर ८.३–२० लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा रुंदीचा, इंचात. म्हणजे २१ सेंटीमीटर. दुसरा रिमचा. मोठ्या ट्रॅक्टरचा १२.४–२८ घेतलास तर साडेएकतीस सेंटीमीटर. आपल्या सोयाबीनच्या ओळी ४५ वर. चाक अगदी मधोमध चाललं तर लहान टायरला दोन्ही अंगांना १२-१२ सेंटीमीटर मोकळे राहतात, मोठ्याला सातसुद्धा नाहीत. आणि तासभर स्टिअरिंग धरल्यावर मधोमध कोण चालवतंय?

पण नुसता अरुंद टायर घेऊन भागत नाही. मागच्या एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत टेप लाव. मोठ्या ट्रॅक्टरला हे अंतर १३५ च्या आसपास भरतं. सोयाबीनच्या तीन ओळी पोटाखाली छान बसतात, पण तीन फुटांवरच्या कापसात एक चाक पट्ट्यात ठेवलं की दुसरं थेट झाडांवर! ९० असेल तर सोयाबीनच्या दोन ओळी आणि कापसाची एक, दोन्ही निभतं. लहान ट्रॅक्टर ९० वर येतो का, एवढंच विक्रेत्याला विचार. पुष्कळांचा रिम उलटा बसवून अंतर कमी-जास्त करता येतं. उलटा बसवला तर डावं चाक उजवीकडं घ्यायचं, नाहीतर नक्षी उलटी होते. मागं उभं राहून पाहिलं तर खाचांचं टोक वर दिसलं पाहिजे. उलट्या नक्षीचा टायर ओल्या रानात जागच्या जागी फिरतो. पुढची चाकंही मागच्यांच्याच पट्ट्यात चालतात ना, तेही बघ.

अरुंद टायरचा तोटाही ऐक. तेवढंच वजन कमी जागेवर येतं, काळ्या रानात चाक रुततं आणि पट्टा दगडासारखा आवळतो. वाफसा आल्याशिवाय आत घालू नकोस. ट्रॉलीसाठी भरलेली हवा शेतात तशीच ठेवू नकोस. किती ठेवायची ते कंपनीच्या पुस्तकात असतं.

सगळ्यात जास्त घोळ पेरणीत होतो. बैलाच्या तिफणीनं पेरलं तर दोन फेऱ्यांमधली जोडओळ कुठं ४० तर कुठं ५५. तिथं कुठलाच टायर कामाचा नाही. यंदा पेरणी त्याच ट्रॅक्टरनं कर, आणि पेरणीयंत्राला जितके फण तितक्याच ओळींचं कोळपं लाव, म्हणजे जोडओळ कोळप्याच्या मध्ये येणारच नाही. मला विचारशील तर टायरपेक्षा आधी पैसे इथं घाल.

ओळींवर न चढता मधूनच जाणारा ट्रॅक्टरही निघालाय. स्वराजनं २०२१ साली ‘कोड’ काढला, रुंदी ९० सेंटीमीटरच्या आसपास. बागेत, भाजीपाल्यात ठीक. आपल्या तीन फुटांच्या कापसात तोही घासतच जाईल. कापूस गुडघ्याच्या वर गेला की एरवीही ट्रॅक्टरच्या पोटाखाली फांद्या मोडतात. तेव्हा बैलजोडी या दिवाळीपर्यंत तरी विकू नकोस.

टेप लावून मापं कळव, मग सौदा कर. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा धाकटा
बाळू