ओझ्याची ओढ

मे महिना लागला की अँकरेजमधल्या आमच्या घरात लोकर तरंगू लागते. बाहेर बर्चला पोपटी पानं फुटत असतात, चुगाच डोंगरांवरचा बर्फ वर वर सरकत असतो आणि रेवा आपला हिवाळा अंगावरून उतरवत असते. रेवा अलास्कन मॅलम्यूट जातीची कुत्री. तिच्या अंगावर केसांचे दोन थर आहेत : वरचा भरड, राठ आणि त्याच्या मुळाशी इंच-दोन इंचांची दाट, तेलकट लव. ही आतली लव वर्षातून दोनदा झुबक्यांनी सुटते. मांडीवरचा एखादा पुंजका चिमटीत धरला की अलगद हातात येतो. राखाडी-पांढरा, ऊबदार, किंचित तुपकट. लांब दातांच्या फणीनं मी तिला विंचरत बसते. कानामागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी हात हलका ठेवायचा. तिथे गुंता राहिला की खालची कातडी ओलसर राहते आणि चिघळते. ‘उन्हाळ्यात सरळ भादरून टाका ना,’ असं कुणीतरी हटकून सुचवतं. ते कधी करू नये. वरचा थर उन्हापासूनही राखण करतो आणि एकदा कापला की पूर्वीसारखा येईलच याचा भरवसा नसतो.

फणी चालत असते आणि हाताखाली एक जुनं, कामाचं शरीर लागत जातं. रुंद छाती, जाड हाडं, खांद्यांचे घट्ट स्नायू. वायव्य अलास्कात, कॉत्झेब्यू साउंडच्या काठी राहणाऱ्या इनुपिआक लोकांमधल्या मालेम्यूट समूहाकडे ही कुत्री होती. जातीचं नावही त्यांचंच. वस्तीचं सामान, शिकारीचं मांस बर्फावरून ओढून न्यायचं, तर वेगापेक्षा टिकाव महत्त्वाचा. १८९६ नंतर क्लोंडाइकच्या सोन्यामागे माणसांचे लोंढे आले तेव्हा या ताकदीला एकाएकी मोल आलं आणि इतर कुत्र्यांशी संकर होऊन मूळ वाण विरळ होऊ लागला. अमेरिकन केनेल क्लबनं जात म्हणून नोंद केली ती १९३५ साली. २०१० मध्ये मॅलम्यूट अलास्काचा अधिकृत राज्य-श्वान झाला. तो आग्रह अँकरेजच्या शाळकरी मुलांनी धरला होता, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पुष्कळांना वाटतं, मार्चमध्ये आमच्या फोर्थ ॲव्हेन्यूवर बर्फ पसरून इडिटारोडच्या शर्यतीचा सोहळा होतो, त्यात हीच कुत्री धावतात. तिथली बहुतेक कुत्री अलास्कन हस्की असतात, सडपातळ, वारा प्यायलेली. रेवा चौतीस किलोंची आहे. तिची जात धावण्याची नव्हे, वाहून नेण्याची.

म्हणून तिला नुसतं फिरवून भागत नाही. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्षाची होईपर्यंत, तिला भार लावला नव्हता. आता थंडीत छातीवर जाड अस्तराचा हार्नेस चढवून आम्ही सरपणाची स्लेज ओढायला बाहेर पडतो. उभ्या स्लेजच्या पट्ट्या बर्फाला चिकटून बसतात. त्या मी मागून डावी-उजवी हलवून सोडवते. रेवा दोर ताणते, खांदे खाली घेते, मागच्या पंजांची नखं रोवते. क्षणभर काहीच हलत नाही. मग बर्फ कुरकुरतो, स्लेज सुटते आणि तिची शेपटी पाठीवर पिसाऱ्यासारखी वळते. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे दिसतं ते मी तिला खाऊ देताना कधी पाहिलेलं नाही. या कुत्र्याला प्रेम पुरत नाही, काम लागतं. कामाविना ठेवलं तर ती अंगण खणून काढते, कुंपणाखालून वाट करते, घसा ताणून हेल काढत रडते. आणि लोक म्हणतात, कुत्री बिघडली.

साखळीशिवाय तिला मी उघड्यावर सोडत नाही. मांजर, ससा दिसला की तिच्यातली शिकारी जागी होते, आणि इथल्या वाटांवर मूस ही धिप्पाड हरणं उभी असतात. पिल्लासोबतची मादी कुत्र्याला लाथेखाली तुडवू शकते. अनोळखी कुत्रीशी गाठ घालायची तीही बेतानंच, कारण दोन माद्यांचं जमेलच असं नाही. पिल्लू घेण्याआधी आई-बाप दोघांच्या खुब्यांचे एक्स-रे मागावेत, मज्जातंतूंच्या आनुवंशिक आजाराची जनुकीय चाचणी झाली आहे का ते विचारावं. आणि ज्याच्याकडून घ्यायचं त्यानं आपल्यालाच उलटतपासणीसारखं विचारलं पाहिजे. पैसे मोजून पिल्लू हातात देणाऱ्याच्या दारातून मी तरी परत फिरेन.

पुण्याहून भाच्याचा फोन आला, तो असंच एक पिल्लू घ्यायला निघाला होता. फोटो पाठवला; लोकरीचा गोळा, कपाळावर काळी टोपी. “मावशी, घरात एसी आहे,” तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, “अरे, कुत्रं काय फक्त घरात राहतं? एप्रिलच्या दुपारी वीज गेली की काय करशील? रात्री दहालाही डांबर तापलेलं असतं, तेव्हा त्याला कुठं नेशील?” कुत्रा आपल्यासारखा घामानं निवत नाही, धापा टाकून निवतो, आणि शून्याखालच्या थंडीत मजेत झोपणारी ही लव तिकडच्या उन्हाळ्यात त्याच्याच अंगावर बेतते. महाराष्ट्राच्या मैदानी मुलखात मॅलम्यूट पाळू नये, हे माझं ठाम मत आहे. तो रुसला. मी माघार घेतली नाही. आपल्याच मातीतल्या कारवानी कुत्र्याचं नाव मी सुचवलं. अंगावर आखूड केस, उन्हाला सरावलेला, पण पळण्याची भूक मॅलम्यूटच्या ओझ्याइतकीच खरी. सोसायटीत तोही नुसता बांधून ठेवायचा नाही, हेही बजावलं.

पुढच्या फोनमध्ये किमतीचा विषय निघाला नाही. कारवानीला रोज किती पळवावं लागतं, पिल्लाला कधीपासून पळवायचं, हे तो विचारत होता. शेजारच्या शाळेचं मैदान पहाटे किती वाजता उघडतं, याची चौकशी त्यानं करून ठेवली होती.