रापणीच्या गावाहून ताईस

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन निवतीला यायचं म्हणतेस आणि तिथं बघण्यासारखं काय आहे ते कळव, असं लिहिलं आहेस. बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण मेमध्ये येऊ नकोस. दिवाळी झाली की ये. का, ते जरा सविस्तर लिहिते.

रस्ता सोपा आहे. कोकण रेल्वेनं कुडाळला उतरायचं आणि परुळ्यावरून निवती गाठायची. 2021 साली चिपीच्या सड्यावर विमानतळ झाला, पण मुलांना बोगदे मोजत येऊ दे. वाटेत परुळ्याला आदिनारायणाचं देऊळ लागतं. सूर्याची देवळं आपल्याकडे थोडी, तेव्हा तिथं थांबा. निवतीच्या किल्ल्यावर आता फारसं काही उरलेलं नाही. चिऱ्याचं पडकं बांधकाम आणि त्यावर वाढलेली झाडी, एवढंच. वर चढायचं ते नजरेसाठी. एका अंगाला भोगव्याची लांबच लांब पुळण, दुसऱ्या अंगाला निवतीचं बंदर, आणि दूर पाण्यात वेंगुर्ल्याचे खडक, त्यांवरचं दीपगृह. त्या खडकांच्या गुहांत पाकोळ्या लाळेनं घरटी बांधतात. ती घरटी चोरून परदेशात विकणाऱ्या टोळ्या इथं येऊन गेल्यात. हे मुलांना जरूर सांग.

एवढं सगळं मेमध्येही दिसेल. दिसणार नाही ती रापण, निदान जशी दिसायला हवी तशी नाही.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. ते काही शे मीटर लांब असतं. वरच्या दोराला तरंग, खालच्याला वजनं. एक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी पाण्यात शिरते, जाळं सोडत सोडत मोठा अर्धगोल घेते आणि दुसरं टोक घेऊन लांब अंतरावर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात. पाय वाळूत रोवायचे, अंग मागं टाकायचं आणि ओढायचं. शेवटचा माणूस दोर गुंडाळून पुन्हा पुढं, पाण्याच्या कडेला जातो. दोन्ही ओळी ओढता ओढता एकमेकींकडे सरकत येतात. तास-दोन तास सहज जातात. पाणी गुडघ्याएवढं राहिलं की आतला मासा उसळायला लागतो, आणि तेव्हा कुणी कुणाला काही सांगावं लागत नाही. म्हातारे, बायका, पोरं, सगळी पाण्यात धावतात.

पण त्याआधीचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. कुणीतरी एक जाणता उंचवट्यावर बसून पाणी वाचत असतो. पक्षी कुठं घिरट्या घालतायत, पाण्याचा रंग कुठं गडद झालाय, पृष्ठभाग कुठं खळबळतोय. बांगडा आणि तारली ही थव्यानं फिरणारी मासळी. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याशी खोलचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर बारीक प्लवकं माजतात आणि पाऊस ओसरला की त्यांच्या मागं थवे किनाऱ्याजवळ येतात. म्हणून तुला दिवाळीनंतर ये म्हणते. अर्थात थवा आला नाही तर रापण लागत नाही. माणसं होडीच्या सावलीत जाळी दुरुस्त करत बसतात. तू गावाला 'शांत' म्हटलं आहेस. ही शांतता वाट बघणाऱ्यांची आहे.

आणि इथंच माझं मुख्य म्हणणं येतं, ताई. रापण माशाच्या मागं जाऊ शकत नाही. माशानं किनाऱ्याला यावं लागतं. मोठ्या बोटींची मासेमारी मात्र पाठलागाची झाली आहे. पर्ससीन बोट थव्याला जाळ्यानं वेढते आणि बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर आवळून अख्खा थवा उचलते. त्यावर कडी म्हणजे रात्री एलईडी दिव्यांचा लख्ख उजेड पाण्यात सोडून मासा गोळा करायचा. क्षितिजापाशी रात्री जे घडतं, त्यावर सकाळी निवतीच्या पुळणीत दोर हाती घेणाऱ्याचं जेवण ठरतं.

कायदे नाहीत असं नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं आणि त्यासाठी 1981 चा कायदा आहे. पर्ससीनचे परिणाम तपासणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालावरून फेब्रुवारी 2016 मध्ये राज्यानं पर्ससीनवर कडक निर्बंध घातले. 2017 मध्ये केंद्रानं एलईडीच्या मासेमारीवर बंदी आणली. 2021 मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. मालवण-वेंगुर्ल्याच्या पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, समुद्रात बोटी अडवल्या, अंगावर गुन्हे घेतले. तरी रात्रीचे दिवे दिसतात, असं किनाऱ्यावर कुणीही सांगेल. तारलीचं कमी-जास्त होणं निसर्गातही चालतं, पाणी तापल्याचाही त्यात वाटा असेल. सगळा दोष बोटींवर टाकणं बरोबर नाही. पण जी मासेमारी थव्यातला फक्त किनाऱ्याला आलेला भाग घेते, तिचं पाणी तरी राखून ठेवायला नको का? मला याचा मनापासून राग येतो, आणि तो तुझ्यापाशी लपवत नाही.

रापणीचा हिशेबही बघण्यासारखा. मासा विकला की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि ओढणाऱ्या माणसांचे वाटे पडतात. वाटेनं जाणाऱ्यानं दोराला हात लावला तरी त्याला कालवणापुरते मासे मिळतात. "हात लाव, वाटो गावतलो," असं हाक मारून सांगतात. ज्या विधवेच्या घरात कमावता उरला नाही, तिच्या पाटीतही मासा पडतो. मोठ्या बोटीवर मालक एक आणि खलाशी पगारी. तिथला मासा ट्रकात भरून जातो. रापणीला माणसं लागतात चाळीस-पन्नास, आणि तेवढे तरणे हात आता गावात मिळणं अवघड झालंय. पोरं गोव्याला कारखान्यांत नाहीतर मुंबईला. मासा नाही म्हणून पोरं जातात, आणि पोरं नाहीत म्हणून मासा आला तरी ओढायला माणसं कमी पडतात.

बायकांचं काम मुलींना मुद्दाम दाखव. मासा वाळूवर आला की पुरुषांचं काम संपतं, बायकांचं सुरू होतं. निवडणं, भाव करणं, पाटी डोक्यावर घेऊन परुळ्याच्या बाजूला विकायला जाणं, उरलेला मीठ लावून वाळत घालणं. खारे बांगडे आणि गोलमा, म्हणजे सुका जवळा, यांची बेगमी झाली नाही तर पावसाळ्यात घर चालत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. बिगरयांत्रिक होड्यांना ती नाही, पण त्या दिवसांतल्या समुद्रात छोटी होडी घालणार कोण? मेमध्ये आलीस तर गाव या बेगमीच्या घाईत आणि पाहुण्यांच्या गर्दीत सापडेल, आणि तुला या बायकांशी बोलायला मिळणार नाही.

आता थोडं कामाचं. राहायची सोय गावातल्याच एखाद्या घरात बघते. सकाळी लवकर उठायची मुलांना आतापासून सवय लाव. जेवायला रोज पापलेट मागू नका. बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण मागा, तारली भाजून मागा, घरात असेल ते खा. रापण लागली तर भावजींनाही दोराला लावायचं. तळहात सोलतात, म्हणून जुना सुती पंचा बरोबर असू दे. नंतर कुणी मुलांच्या हातावर चार बांगडे ठेवले तर ते घ्यायचे आणि पैसे पुढं करायचे नाहीत. विकत हवे असतील तर ते वेगळे, पाटीवाल्या बाईकडून, ती सांगेल त्या भावानं.

तारीख ठरली की कळव, म्हणजे कुडाळ स्टेशनवर गाडी सांगून ठेवते. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी