पिवळे गृहस्थ

स्वित्झर्लंडच्या डोंगरांत पायी फिरायला निघालात की या गृहस्थांशी गाठ पडतेच. पाय एकच, हात मात्र चार-पाच, आणि प्रत्येक हात वेगळ्या दिशेला रोखलेला. अंगावर पिवळाधमक रंग, धुक्यातही डोळ्यांत भरणारा. एका पांढऱ्या पट्टीवर जागेचं नाव आणि उंची : क्लाइने शायडेग, २०६१ मीटर. ओळख संपली.

बोलणं त्याहून मोजकं. पुढचं गाव किती किलोमीटर, हे ते सांगत नाहीत. किती वेळ लागेल तेवढंच सांगतात. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर चालणारा माणूस धरून त्यांचा हिशेब सुरू होतो, मग चढ-उतार पाहून मिनिटं कमी-जास्त होतात. म्हणून एकाच वाटेची जायची वेळ निराळी, यायची निराळी. पाणी पिणं, फोटो काढणं, ‘जरा टेकू या का?’ यांतलं काहीही त्या हिशेबात नाही.

घराणं मोठं आहे. नुसता पिवळा हात म्हणजे कुणालाही जमेल अशी वाट. हाताच्या टोकाला पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा दिसला की डोंगरवाट : पाऊल पक्कं हवं, बूट मजबूत हवेत आणि खाली पाहून डोळे फिरता कामा नयेत. निळे चुलतभाऊ भेटले, तर पुढे बर्फ आहे, कातळ आहे, हातांनी धरून चढणं आहे. तिथे सहलीला आलेल्यांनी नमस्कार करून मागे फिरावं.

या घराण्याच्या मुळाशी आहेत माइलेन गावचे शाळामास्तर योहान याकोब एस. मुलांना घेऊन क्लाउझन घाटात गेले, तर मोटारींनी पायी चालणाऱ्यांना रस्ताच उरू दिला नव्हता. त्यांच्या पुढाकाराने १९३४ साली पायवाटांसाठी देशव्यापी संघटना उभी राहिली आणि सगळीकडे एकसारख्या पिवळ्या पाट्या लागू लागल्या. १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांना राज्यघटनेतच जागा दिली. आज ६५ हजार किलोमीटरांहून अधिक वाटा या घराण्याच्या देखरेखीखाली आहेत. युंगफ्राउयोखला डोंगरावर नेणाऱ्या गाडीचं तिकीट काढताना रुपयांत हिशेब करून आपला घसा कोरडा पडतो. हे गृहस्थ कुणाकडे तिकीट मागत नाहीत.

आपल्याकडे गड चढताना वाटेत एखादे मामा भेटतात. ‘किती राहिलं?’ विचारलं की म्हणतात, ‘हे काय, आलंच की!’ त्या ‘आलंच’वर माणूस आणखी तासभर चढतो. पिवळ्या गृहस्थांकडे ही माया नाही. त्यांचा दीड तास आपल्याला अडीच तास पुरतो, तेव्हा त्यांचा रागही येतो. त्यांना काय फरक पडतो! पुढच्या वळणावर त्यांचाच भाऊ त्याच सुरात उरलेली मिनिटं सांगतो. मग हळूहळू आपणच त्यांच्या आकड्यात मनातल्या मनात आपली भर घालू लागतो : गुडघ्यांची इतकी, धापेची इतकी.

दमलेल्या जिवाला मामांचा शब्द गोड लागतो, हे खरं. पण खाली जाणारी शेवटची केबल कार गाठायची असेल, तर ऐकावं ते या रुक्ष गृहस्थांचंच.